सेटमार जनुक: स्टॉप कोडॉन गेला कुठे?

कलिनाकर: सेटमार या जोडून बनलेल्या जनुकावर सेमिनार द्यायचाय. त्याचे पहिले दोन एक्झॉन (प्रथिनाची माहिती असलेले तुकडे) जुन्या सेट जनुकाचे (हिस्टोन मिथाइलट्रान्स्फरेज, म्हणजे हिस्टोन प्रथिनांवर मिथाइल लावणारं एन्झाइम), तिसरा एचएसमार१ या ट्रान्सपोझॉनचा (जीनोममध्ये जागा बदलणारा, मरिनर कुळातला डीएनएचा तुकडा), इथवर समजलं. पण सेटच्या शेवटी स्टॉप कोडॉन (प्रथिन इथे संपवा ही खूण) असताना दोन्ही एकाच प्रथिनात आले कसे? आणि तुलनेला कुठल्या प्रजाती घेऊ? बोरिवलीच्या माकडांचा नमुना चालेल का?

पिपेटवाली: ट्रान्सपोझॉन सेटच्या पुढे येऊन बसला, तेवढ्याने जनुक झालं नाही. त्याच्या एका टोकाच्या उलट्या पुनरावृत्तीत अलू (दुसरा एक फिरता डीएनए तुकडा) घुसला, म्हणजे उडी मारायची सोय संपली. २७ बेसांचा तुकडा गळाला, त्यात सेटचा स्टॉप कोडॉन गेला. मग पुढचा बिनकामाचा भाग एक्झॉनमध्ये आला आणि ट्रान्सपोझेजच्या (ट्रान्सपोझॉनला हलवणारं एन्झाइम) भागाआधी नवा इन्ट्रॉन (आरएनएतून कापून टाकला जाणारा तुकडा) तयार झाला. हे सगळं सुमारे ४ ते ५.८ कोटी वर्षांपूर्वीचं.

माणूस, रिसस आणि मार्मोसेट माकडं यांच्यात सेटमार आहे, टारसियर या छोट्या प्रायमेटमध्ये नाही. टारसियर घ्याच, खरी तुलना तिथेच. मात्र त्याच्या जीनोममध्ये त्या जागी एनएनएन (क्रम न कळलेले बेस) असेल तर ‘ट्रान्सपोझॉन नाही’ म्हणू नका. दोन्ही बाजूंचा क्रम जुळला आणि मधे रिकामी जागा दिसली, तरच पुरावा. मरिनर टीए या दोन बेसांच्या जागेवर बसतो आणि तो दुप्पट होतो, पण इतक्या काळात ते टीए शाबूत असेलच असं नाही.

बोरिवलीचं म्हणाल तर वनखात्याच्या परवानगीत सेमिनारची तारीख निघून जाईल. रिससचा जीनोम उघडा आहे, तो वापरा.

जुना_मार्कर: आरटी-पीसीआर (आरएनएची डीएनए प्रत करून ती वाढवणं) करणार असाल तर फॉरवर्ड प्राइमर सेटच्या एक्झॉनात, रिव्हर्स तिसऱ्यात. दोन्ही ट्रान्सपोझेजमध्ये ठेवलेत तर एचएसमार१ च्या इतर प्रतीही वाढतील, आणि नमुन्यात थोडा डीएनए उरला असेल तर त्याचाही बँड हुबेहूब त्याच मापाचा. आरटी (ही प्रत करणारं एन्झाइम) न घातलेली नळी लावाच. आणि स्लाइडवर ‘ट्रान्सपोझेज अजून उड्या मारतं’ असं लिहू नका: कापणाऱ्या जागेतल्या तीन अमिनो आम्लांत डीडीडी चं डीडीएन झाल्याने कापण्याची ताकद जवळपास गेली. निवडीने जपलाय तो डीएनएला चिकटणारा भाग.

कलिनाकर: आउल मंकी या माकडाचं ट्रिम५-सायक्लोफिलिन हे जोडजनुकही याच स्लाइडवर घालू?

पिपेटवाली: वेगळ्या. तिथे एल१ (आरएनएवरून प्रती करणारा फिरता तुकडा) ने सायक्लोफिलिन ए च्या एमआरएनएची इन्ट्रॉन नसलेली प्रत ट्रिम५ च्या सातव्या इन्ट्रॉनमध्ये टाकली. मकाकांत (रिससच्या गटातली माकडं) तीच गोष्ट स्वतंत्रपणे, दुसऱ्या जागी घडली.