विषय: वहिनीची गर्भपिशवी – दुर्बिणीतून की पोट उघडून?

मंडळातल्या सर्वांना नमस्कार,
माझी वहिनी बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यात असते, वय ४६. बरेच महिने अंगावर खूप जातंय, हिमोग्लोबिन ८ वर आलंय. सोनोग्राफीत गर्भाशयाच्या भिंतीत ५ सेंटिमीटरची गाठ दिसली. डॉक्टरांनी ‘पिशवी काढून टाका’ म्हणून पुढच्या आठवड्याची तारीख दिलीय. दादा विचारतोय, दुर्बिणीचा खर्च जास्त, मग पोट उघडूनच करू का? इथं बसून मी काय सांगू? कुणी जाणकार असाल तर कृपया लिहा.

*

ताई,
मी स्त्रीरोगतज्ज्ञ, माहेर निपाणी. दादांना म्हणावं, आधी ती तारीख पुढं ढकला. रक्तस्राव आवाक्यात असेल तर हिमोग्लोबिन ८ असताना घाई नको. शिरेतून लोह दिलं की काही आठवड्यांत रक्त भरून येतं. तेवढ्यात पिशवीच्या अस्तराचा तुकडा तपासून घ्या. या वयात तो तपासल्याशिवाय पुढचं काही ठरवूच नये.

रिपोर्ट चांगला आला, तर काढायचीच कशाला, हे विचारा. गाठीमुळं आतली पोकळी वेडीवाकडी झाली नसेल तर पिशवीत मिरेना, म्हणजे हार्मोन सोडणारी तांबीसारखी छोटी वस्तू, बसवून रक्तस्राव पुष्कळ कमी होतो. पाळी गेली की अशा गाठी बहुधा आकसतात.

काढावीच लागली तर तिसरी वाट आहे, ती कुणी सांगत नाही याचं मला फार वाईट वाटतं. योनीमार्गातून, खालून पिशवी काढता येते. पोटावर टाका नाही, दुर्बिणीची यंत्रसामग्री लागत नाही. जमण्यासारखं असेल तिथं हीच पहिली पसंती. नाही जमलं तर दुर्बीण. त्यात अर्ध्या-एक सेंटिमीटरची तीन-चार छिद्रं पाडतात आणि पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात. त्या वायूनं एक-दोन दिवस खांदा दुखतो, घाबरू नये. पोट उघडलं की साधारण सहा आठवडे घागर उचलायची नाही. शेतावर जाणाऱ्या बाईची तेवढी मजुरी बुडते, दादांनी तीही हिशेबात धरावी.

‘त्याच भुलीत अंडाशयंही काढू’ म्हणाले तर कारण विचारा. ती निरोगी असतील आणि घराण्यात कॅन्सर नसेल तर राहू द्यावीत. पाळी जाण्याआधी काढली तर हाडं ठिसूळ होतात, हृदयालाही धोका वाढतो.

आणि संमतीपत्र! आपल्याकडं कागद कन्नड किंवा इंग्रजीत असतो आणि बायका न विचारता सही करतात. काय काढणार, काय ठेवणार, हे वहिनींना मराठीतून समजावून घेऊ दे, मगच सही. तो त्यांचा हक्क आहे.

*

डॉक्टरताई, खूप आभार. दादानं तारीख रद्द केली, सोमवारी वहिनीला बेळगावला नेहरूनगरात केएलई रुग्णालयात दाखवणार आहेत. तिचं दुसरं बाळंतपण सिझरचं आहे. तरी खालून जमेल का?

*

एका सिझरनं ती वाट बंद होत नाही. मात्र जुन्या व्रणाला मूत्राशय चिकटलेलं असू शकतं, म्हणून तपासणीच्या वेळीच सांगायचं. सिझरचा कागद आणि सोनोग्राफीची मूळ फिल्म सोबत न्या, नुसता रिपोर्ट नको.