निर्जन बेटावर जादूचं एकच पुस्तक न्यायचं, तर कोणतं?

सोबत पत्त्यांचा एक कॅट आणि चार-पाच नाणी. ओव्हरहँड शफल (पत्ते थोडेथोडे सोडत पिसणं) आणि डबल लिफ्ट (दोन पत्ते एकच असल्यासारखे उचलणं) जमतात. पत्त्यांच्या जादूचं ‘रॉयल रोड टू कार्ड मॅजिक’ पुरेल का?

उत्तर १
पुस्तक उत्तमच. आधी हातचलाखी, लगेच तिच्यावर बेतलेले प्रयोग. पण खाऱ्या, दमट हवेत पत्ते फुगतात, एकमेकांना चिकटतात आणि डबल लिफ्टला दोनाऐवजी तीन उचलले जातात. म्हणून बोबोंचं नाण्यांच्या जादूवरचं ‘मॉडर्न कॉइन मॅजिक’ (1952) न्या. नाणं काळं पडलं तरी काम देतं.

उत्तर २
बोबोंनाच माझं मत. त्यातले बहुतेक प्रयोग अमेरिकी हाफ डॉलरवर बेतलेत, तो 30.6 मि.मी., आपलं दहाचं नाणं 27. त्यामुळे क्लासिक पाम, म्हणजे नाणं तळहातात लपवून धरणं, जरा आवळून करावा लागतो. नाणं मधल्या दोन बोटांच्या टोकांवर ठेवा, बोटं मिटत तळहातात दाबा. पकड अंगठ्याखालच्या आणि करंगळीखालच्या उंचवट्यांची. पडेल या धास्तीने अंगठा ताठ होतो आणि प्रेक्षकाला तिथेच संशय येतो. त्याच हाताने पेन धरा, पेला उचला. नाणं टिकलं तर पाम जमला. तळहात अगदी कोरडा असेल तर ते घसरतं, किंचित ओल हवी.

उत्तर ३
वेळच वेळ असेल तर अर्डनेझचं ‘द एक्स्पर्ट ॲट द कार्ड टेबल’ (1902). भाषा घट्ट, एकेक परिच्छेद पत्ते हातात घेऊनच उलगडतो. बॉटम डील (वरचा भासवून तळाचा पत्ता वाटणं) आणि शिफ्ट (कॅटचे दोन भाग गुपचूप खालीवर करणं) यांवर वर्षं जातील. मात्र पत्ते प्लास्टिकचे घ्या.