मदत हवी आहे : आईची फेसबुकवरची मित्रयादी कशी आवरू?

नमस्कार मंडळी. आई जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाली, तेव्हा मीच तिला फेसबुकवर खातं उघडून दिलं. कुणाची विनंती नाकारणं तिला बरं वाटत नाही, म्हणून येईल त्याला ती होकार देत गेली. आता यादी ५००० वर जाऊन थांबलीय. परवा तिच्या पहिल्या वर्गातल्या एका मुलीची विनंती आली, फोटोत कडेवर बाळ. आईने चष्मा पुसून तीनदा बघितलं, ओळखलं, पण यादी भरलेली असल्यामुळे जोडताच येईना. फार हळहळली हो!

अनोळखी लोक काढायचे आहेत. काढल्याची सूचना समोरच्याला जात नाही, हे तिला समजावलं. पण एकेक नाव उघडून बघायचं म्हणजे महिने जातील. मोबाइलवर एकदम बरेच जण काढायची काही सुरक्षित सोय आहे का? बाहेरच्या ॲपला पासवर्ड द्यायचा नाही, एवढं पक्कं.

शिवाय जे आता हयात नाहीत, त्या सहकाऱ्यांची नावं तिला ठेवायचीच आहेत. ती चुकून उडू नयेत म्हणून आधी वेगळ्या यादीत टाकता येतील का?

आणि पुढे फक्त मित्रांच्या मित्रांनाच विनंती पाठवता यावी असं सेटिंग केलं, तर जुने विद्यार्थी अडतील का? कुणी केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.