मदत हवी आहे: एम्ब्रॉयडरी मशीन नवं घ्यावं की जुनं?

कोपरखैरण्यात माझं ब्लाउज शिवण्याचं छोटं दुकान आहे. भरतकाम बाहेर द्यावं लागतं आणि लग्नसराईत हमखास उशीर होतो, गिऱ्हाईक नाराज. म्हणून सिंगल हेड (एका वेळी एकच कापड भरणारं), 12 सुयांचं कॉम्प्युटर मशीन घ्यायचंय. नव्यासाठी कर्ज काढावं लागेल, जुनं बचतीत बसतं.

भिवंडीत एक जुनं पाहिलं. माझ्याच कापडावर अर्धा तास चालवून घेतलं. साधा धागा एकदाही तुटला नाही, जरीचा मात्र तीनदा. विकणारा म्हणतो सुई बदला. मी बॉबिन काढून पाहिलं तर हुकवर (वरचा धागा पकडून बॉबिनभोवती फिरवणारा भाग) नख अडकेल एवढा ओरखडा होता. बिल आहे, वॉरंटी नाही. दुकानात वीज सिंगल फेज.

नुसता हुक बदलून भागेल, की टायमिंगही (सुई आणि हुकचा मेळ) बिघडलेलं असेल? आणि नवी मुंबईत दुकानात येऊन मशीन तपासून देणारा मेकॅनिक कुणाच्या माहितीत आहे का?