जुनी यंत्रे घेऊन विकण्याचा जोडधंदा: माल ठेवायला जागा नसताना जमेल का?

भांडुपकर (प्रश्न):

नमस्कार. मी एका कारखान्यात देखभाल विभागात नोकरीला आहे. मोटर, बेअरिंग, स्टार्टर यांची दुरुस्ती हातची आहे. छोटे गाळे, शिवणकामाचे कारखाने आणि खाणावळी बंद होताना त्यांची चालती यंत्रे मातीमोल भावाने जातात, हे मी अनेकदा पाहिले आहे. तीच यंत्रे साफसूफ करून, किरकोळ दुरुस्ती करून विकली तर चार पैसे सुटतील असे वाटते. हाताशी दीड लाख रुपये आहेत. मात्र घर वन रूम किचनचे आहे आणि गाळा भाड्याने घेण्याची सध्या ऐपत नाही. कोणत्या मालापासून सुरुवात करावी, घेताना काय तपासावे आणि कागदपत्रांचे व कराचे काय, हे जाणकारांनी सांगावे. मोबाइल आणि लॅपटॉप यांच्यात मला रस नाही.

साकीनाका_गाळा:

आपला हिशेब अर्धा बरोबर आहे. यंत्र स्वस्तात जाते ते दर वेळी निकामी झालेले असते म्हणून नव्हे. गाळ्याचा लिव्ह अँड लायसन्सचा करार संपत आलेला असतो, मालकाला ठरल्या तारखेला जागा रिकामी करून हवी असते आणि विकणाऱ्याला यंत्राच्या किमतीपेक्षा पुढच्या महिन्याच्या भाड्याची चिंता जास्त असते. म्हणजे मुंबईत भाव पडतो तो जागेपायी. आपण यंत्र उचलले की जागेचा तोच भार आपल्या अंगावर येतो, आणि तो पेलायला आपल्याकडे जागाच नाही. म्हणून गाळा नसलेल्याने क्रम उलटा ठेवावा: आधी गिऱ्हाईक पाहावे, मग माल उचलावा.

बंद होणाऱ्या गाळ्यात यंत्र स्वतः चालवून पाहावे, भाव ठरवावा, थोडा इसार द्यावा आणि माल आठ-दहा दिवस तिथेच राहील अशी बोली करावी. करार संपायला तेवढे दिवस असतील तर विकणारा सहसा नाही म्हणत नाही. त्या मुदतीत गिऱ्हाईक मिळाले तर टेम्पो थेट त्याच्या दारात जातो, त्यामुळे हमाली आणि भाडे एकदाच लागते. नाहीच मिळाले तर इसार बुडतो, पण तेवढाच बुडतो. इसाराच्या पावतीवर यंत्राचा अनुक्रमांक आणि उचलण्याची शेवटची तारीख लिहून घ्यावी, कारण नुसत्या तोंडी बोलीवर ठेवलेले यंत्र दुसऱ्याने पाचशे रुपये चढवले की जागेवर दिसत नाही.

भाव ठरवताना खालून वर मोजावे. यंत्र विकलेच गेले नाही तर भंगारवाला वजनावर काय देईल, तो मोडीचा भाव आधी काढावा. आपण देणार ती रक्कम आणि मोडीचा भाव यांच्यातले अंतर ही आपली खरी जोखीम. बिडाच्या ड्रिलिंग मशीनला मोडीतही पैसे येतात; लॅमिनेटच्या काउंटरला काहीच येत नाही, उलट तो टाकायलाच खर्च येतो. फर्निचरच्या वाटेला तर जाऊच नये, कारण ओशिवऱ्याला त्याच कामाला वाहिलेली दुकानांची रांग आहे आणि त्यांच्याकडे आपल्याजवळ नसलेली जागा आहे.

मोटरचे मी आपल्याला काय सांगणार! एवढेच म्हणतो की मेगरवर (मोटरच्या तारांचे इन्सुलेशन तपासणाऱ्या उपकरणावर) एक मेगओहमच्या खाली वाचन आले तर रिवाइंडिंगचा खर्च भाव बोलण्याआधीच वजा करावा. शिवाय घरी किंवा चाळीच्या खोलीत काम करणाऱ्याकडे सिंगल फेज जोडणी असते, त्यामुळे थ्री फेजचे यंत्र कितीही चांगले असले तरी पडून राहते.

धारावी_शिलाई:

वरील सल्ल्याशी सहमत आहे, फक्त एक भर घालतो. घरात खाटेखाली मावेल असा एक माल आहे: शिलाईच्या औद्योगिक यंत्राचे नुसते हेड. टेबल आणि स्टँड सोडून हेड वेगळे विकत घेता येते आणि वेगळे विकताही येते. जुकी कंपनीच्या डीडीएल-8700 या एका सुईच्या यंत्राला बाजारात सतत मागणी असते आणि त्याचे सुटे भाग कोणत्याही मेकॅनिककडे मिळतात. कमी खपाच्या खास यंत्रांत नवख्याने शिरू नये.

तपासणी वीज न लावता सुरू करावी. हातचाक हळूहळू फिरवून कुठे अडते ते पाहावे. सुईची दांडी दोन बोटांत धरून आडवी हलवावी. खेळ जाणवला तर बुश झिजले आहेत. हुकाच्या (सुईच्या दोऱ्याचा फास पकडणाऱ्या फिरत्या भागाच्या) टोकावरून नख फिरवावे. ते अडकले तर तिथे खरखर आली आहे आणि दोरा तुटत राहणार. मग हेड मागे कलंडवून तेलाचे पात्र पाहावे. तेल काळे असेल तर निदान निष्काळजीपणा कळतो; पण त्यात धातूचा चकाकणारा चुरा दिसला तर ते हेड तिथेच सोडून द्यावे. एवढे झाल्यावर यंत्र चालवावे आणि वरच्या काचेच्या खिडकीत तेल उडताना दिसते का ते पाहावे. रंगकाम ताजे असेल तर दुप्पट सावध राहावे.

जुन्या हेडसोबत बहुधा क्लच मोटर येते. पायडल दाबलेले नसतानाही ती फिरत राहते, आवाज करते आणि वीज खाते. तिच्या जागी सिंगल फेजची सर्व्हो मोटर (पायडल दाबल्यावरच फिरणारी) बसवून दिली तर घरून जॉब वर्क करणाऱ्या ताईंना ते यंत्र परवडते आणि आपल्यालाही बरा भाव मिळतो. आपल्या हातच्या कौशल्याचा मोबदला इथेच सुटतो.

दादर_करसल्लागार:

घरातले जुने कपाट विकणे आणि विकण्यासाठीच जुना माल घेणे यांत कायदा फरक करतो. दुसऱ्या प्रकारातला नफा हे धंद्याचे उत्पन्न आहे आणि ते विवरणपत्रात दाखवावे लागते. खर्चाचा हिशेब ठेवून नफा काढणार असाल तर एका दिवसात एका व्यक्तीला 10,000 रुपयांहून जास्त रोख देऊ नये, कारण तो खर्च वजावटीला धरला जात नाही.

केवळ माल विकणाऱ्याला महाराष्ट्रात वार्षिक उलाढाल 40 लाखांच्या पुढे गेल्यावर जीएसटी नोंदणी लागते. माल परराज्यात विकलात तर मात्र ही सूट सहसा मिळत नाही. पुढे नोंदणी करावी लागलीच तर जीएसटीचा नियम 32(5) ध्यानात ठेवावा. जुना माल आहे तसा किंवा त्याचे स्वरूप न बदलणारी किरकोळ दुरुस्ती करून विकला आणि खरेदीवर इनपुट क्रेडिट (खरेदीच्या वेळी भरलेल्या कराची वजावट) घेतले नसेल, तर कर पूर्ण किमतीवर न लागता फरकावर लागतो. 18 टक्के दर लागू असलेले, 20,000 ला घेतलेले यंत्र 26,000 ला विकले तर 6,000 वर 1,080 रुपये.

मला कराहून जास्त काळजी मालकी हक्काची वाटते. विकणाऱ्याकडे जेवढा हक्क आहे तेवढाच आपल्याकडे येतो. मुद्रा किंवा तत्सम कर्जावर घेतलेली यंत्रे बँकेकडे तारण असतात. यंत्राच्या अंगावर किंवा गाळ्याच्या भिंतीवर बँकेच्या नावाची पाटी आहे का ते पाहावे, आणि ती असल्यास कर्ज फिटल्याचा बँकेचा दाखला आल्याशिवाय इसारही देऊ नये. मूळ बिलाची प्रत, ओळखपत्राची प्रत, अनुक्रमांकाच्या पट्टीचा फोटो आणि सही केलेली पावती एवढे दप्तर प्रत्येक यंत्रामागे असावे. चोरीचा माल आहे असे मानण्यास कारण असतानाही तो अप्रामाणिकपणे घेतला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 नुसार तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि असे कारण होते की नाही हे ठरवताना आपण दिलेला अवास्तव कमी भावही पाहिला जातो.

भांडुपकर:

सर्वांचे आभार. हेडपासूनच सुरुवात करतो. ओळखीतली एक खाणावळ बंद होत आहे. तिथे एक डीप फ्रीझर आणि स्टीलची दोन टेबले आहेत. तो माल सोडून द्यावा का? आणि गिऱ्हाईक गॅरंटी मागते, तेव्हा काय सांगावे?

परळ_किचन:

टेबले 304 या महागड्या दर्जाच्या स्टीलची आहेत असे सांगतील आणि लोहचुंबक चिकटत नाही हे दाखवतीलही. त्यावर जाऊ नये, कारण स्वस्तातल्या 202 लाही चुंबक सहसा चिकटत नाही. स्टील तपासण्याचे द्रावण मिळते, त्याचा थेंब टाकून पाहावा. 202 असल्यास लाल रंग उमटतो. तेही नको असेल तर पायांच्या वेल्डिंगपाशी गंज आहे का, हे वाकून पाहावे.

फ्रीझर पाहायला जाण्याआधी तो बंद ठेवायला सांगावे. आपण पोहोचताच तो आतून गार लागला तर तो गारवा यायला किती वेळ लागला हे कळायला मार्ग नसतो. कोमट असताना सुरू करून दोन-तीन तास तिथे बसण्याची तयारी ठेवावी. कॉम्प्रेसरपाशी तांब्याच्या नळीवर ताजा जोड दिसला तर गॅस नुकताच भरला आहे, आणि तो मुळात का गेला याचे उत्तर विकणाऱ्याकडे असले पाहिजे. माझे मत विचाराल तर टेबले गिऱ्हाईक ठरवून घ्यावीत आणि फ्रीझर सोडावा. तो अर्धी खोली अडवतो.

गॅरंटी हा शब्द बिलावर लिहू नये. "चालू स्थितीत तपासून घेतले" असे लिहून गिऱ्हाईकाची सही घ्यावी आणि महिनाभर बिघाड झाल्यास मजुरी आपली, सुटे भाग त्यांचे, अशी अट त्याखाली घालावी. दुरुस्ती आपल्याच हाताची असल्यामुळे हे आपल्याला परवडेल.