ऑसिपस ओलेन्स : आखूड पंखांचा, तरीही भुंगेराच

पाठीवरचे पंख इतके आखूड असताना ऑसिपस ओलेन्सला भुंगेरा कसे म्हणावे, ही आपली शंका रास्त आहे. परंतु तो ज्या स्टॅफिलिनिडी या भुंगेऱ्यांच्या कुलात मोडतो, त्या कुलाची ओळखच त्या आखूड, कठीण पंखावरणांत आहे. त्यांच्याखाली उडण्याचे पातळ पंख घडी घालून सामावलेले असतात आणि उदराचे बहुतेक खंड उघडे राहतात, म्हणूनच हा सुमारे अडीच सेंटिमीटर लांबीचा काळाभोर कीटक चिडला की विंचवासारखे शेपूट उभारू शकतो. ही लवचीकता मला फार विलक्षण वाटते. निसर्गशास्त्रज्ञ म्युलर यांनी 1764 मध्ये त्याला स्टॅफिलिनस प्रजातीत (genus) ठेवले होते. पुढे प्रजाती बदलल्यामुळे म्युलर यांचे नाव आता कीटकाच्या शास्त्रीय नावापुढे कंसात लिहितात.