मदत हवी आहे: मुंबईत तीन रात्री, कुठल्या भागात बसावं?

रावपुऱ्याची
नमस्कार मंडळी. दिवाळीनंतर आम्ही पाचजणी मुंबईला येतोय. चौघी शाळेतल्या मैत्रिणी, पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे, आणि एकीची २२ वर्षांची भाची. हॉटेलातच उतरणार, हे आधीच ठरलंय. दादरच्या मावशीकडे रात्री साडेबाराला बेल वाजवायची हिंमत कोणातच नाही.

सगळा जन्म बडोद्यात गेला, त्यामुळे बार आम्हाला फक्त प्रवासात भेटतो. घरी म्हणजे पडदे ओढायचे आणि स्टीलच्या पेल्यात ओतायचं, समोरच्या काकूंना ताक वाटावं म्हणून. तर हौस एवढीच: मेनूकार्ड हातात घेऊन, उजेडात बसून, निवांत मागवायचं. डीजे नको, गप्पा मारायच्यात. एक संध्याकाळ समुद्र दिसला पाहिजे.

राहायला कुलाबा बरा की वांद्रे? लोअर परळचं फार ऐकलंय, आमच्या वयाला झेपेल का? आणि तिथे परमिट विचारतात का हो? इथल्या सवयीने तीच धाकधूक आधी.

गिरगावकर_जुना
परमिटचं आधी सांगतो. कायदा तुमचा-आमचा एकच होता, १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा. १९६० साली राज्यं वेगळी झाली, तुमच्याकडे बंदी राहिली, आमच्याकडे परवाने. कागदोपत्री पिणाऱ्याला इथेही परवाना लागतो, म्हणून तर पाटीवर ‘परमिट रूम’ लिहिलेलं असतं. टेबलावर मात्र कोणी विचारत नाही. वय विचारू शकतात. बीअर-वाइनला २१, बाकी कडक मालाला २५. म्हणजे भाचीला वाइनवर भागवायला सांगा आणि तिचं आधार जवळ ठेवा.

राहा कुलाब्यात. बरंच काही पायी होतं. मोंडेगार कॅफेत भिंतभर व्यंगचित्रकार मारियो मिरांडाची चित्रं आहेत, टेबलं इतकी खेटून की शेजारच्याचा कोपर तुमच्या फ्राइजमध्ये. लिओपोल्ड १८७१चं, २६/११च्या गोळ्यांच्या खुणा अजून ठेवल्यात. एकदा बघून या, पण गप्पांची जागा नव्हे. दुपारी फोर्टात कॅफे मिलिटरीत जा. १९३३चं इराणी, सल्ली बोटी (बटाट्याच्या सळ्या घातलेलं पारशी मटण) आणि थंड बीअर. माझ्या मते अख्ख्या दक्षिण मुंबईत याहून समाधानाचं जेवण नाही. (बायको म्हणते मी पक्षपाती आहे. आहेच.)

पालीनाका
गिरगावकरांना वांद्र्याचं नाव निघालं की पोटात दुखतं! एक रात्र तरी इकडे याच. टोटोज गराजमध्ये बारच्या डोक्यावर चक्क फोक्सवॅगन बीटल आहे आणि गाणी तुमच्या कॉलेजच्या काळातली. पण आठच्या आत पोचा, नंतर उभं राहावं लागतं. लोअर परळच्या गिरण्यांच्या आवारातले पब शनिवारी टाळा, शेजारी बसलेलीशी ओरडून बोलावं लागतं. मधल्या वारी भाचीसाठी जाऊन या.

गिरगावकर_जुना
गोकुळ राहिलं. ताजच्या मागे, स्वस्त, पण पुरुषांचा गजबजाट. पाचजणी असाल तर कोणी त्रास देणार नाही, निवांत मात्र वाटणार नाही.

रावपुऱ्याची
वा, केवढी माहिती! गोकुळ बाद. समुद्राचं काय? किडनी न विकता?

वरळी_सीफेस
किडनी थोडी विकावीच लागेल. ताजमधला हार्बर बार १९३३चा, मुंबईतला पहिला परवान्याचा बार. खिडकीसमोर गेटवे. एकेक ग्लास घ्या, सूर्य मावळेपर्यंत पुरवा, जेवायला बाहेर पडा. दुसरा पर्याय वरळीला ‘एअर’ नावाचा गच्चीवरचा बार, चौतिसाव्या मजल्यावर, पण तिथे समुद्रापेक्षा बिल जास्त दिसतं. मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसायला पैसे लागत नाहीत, पण तिथे बाटली काढू नका, पोलीस फिरत असतात.

परतीचं: बार दीडपर्यंत चालतात, शेवटची लोकल एकच्या सुमारास सुटते. वांद्र्याहून कुलाब्याला टॅक्सीच करा. रात्री सी लिंक आणि कोस्टल रोडने चटकन येता, आणि तो रस्ताच निम्मी मजा आहे.

ठाण्यात_बडोदेकर
ताई, तारखा कुठल्या? कार्तिकी एकादशी ड्राय डेच्या यादीत असते. दारूबंदीतून सुटून मुंबईत येऊन लिंबू सरबत पीत बसाल.

रावपुऱ्याची
अगं बाई! मधली रात्र नेमकी एकादशीचीच आहे. तिकिटं वंदे भारतची काढून झालीत.

ठाण्यात_बडोदेकर
मग ती रात्र मावशीला द्या, साबुदाण्याची खिचडी मिळेल आणि तक्रारही मिटेल. पहिली कुलाब्यात, तिसरी वांद्र्यात. तिसऱ्या रात्री बेतानं घ्या. उमरगाव आलं की गुजरात सुरू, आणि तिथे नुसतं पिऊन असणंही गुन्हा. पर्समध्ये उरलेली क्वार्टर तर अजिबात नको.